तीन मालकांची एक गोळी

दवाखान्यात औषधांच्या खिडकीतल्या माणसानं एकच बाटली पुढे सरकवली तेव्हा तिला वाटलं, बाकीच्या दोन द्यायचं हा विसरला. ती हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मागच्या बाईनं घसा खाकरला. "झालं तुमचं," खिडकीवाला म्हणाला. "आता एकच गोळी. रात्री झोपताना. जुन्या तिन्ही बंद." आणि हे सगळं आपल्या पदरचं देत असल्यासारखा तो हसला. तिनं बाटली घेतली. पांढरी, प्लास्टिकची, मुठीत मावेल एवढी. डॉक्टर मघाशी काहीतरी म्हणाले होते, नवीन लिहून देतोय, सोपं जाईल तुम्हाला. पण या इमारतीत शिरलं की तिचे कान अर्धे मिटत. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे एवढं ऐकलं की पुढचं ती सोडून देई. आता भिंतीला टेकून तिनं लेबल वाचलं. नावं लांबलचक, जीभ अडखळावी अशी, पण तिला ती सख्ख्या नणंदांच्या नावांसारखी पाठ होती. तीच तीन. एकाखाली एक. पिवळीचं वर, मग लांबट पांढरीचं, मग निळ्या कॅप्सूलचं. एकीचंही नाव बदललेलं नव्हतं. आधी तिला काहीच वाटलं नाही. मग तिनं ती नावं बोटानं पुन्हा मोजली, आणि ती वळून पुन्हा डॉक्टरांच्या खोलीत शिरली. आत कुणी बसलंय की नाही हेही तिनं पाहिलं नाही.

तरुण डॉक्टर उभ्यानं चहा पीत होते. "काय झालं, ताई?"

"यात तीच तीन आहेत?"

"हो, तीच."

"तीच म्हणजे तीच? दुसरं काही घातलेलं नाही?"

"काही नाही. तीच औषधं, फक्त एकत्र केलीत. बरं ना? आता डबे नकोत, वेळा नकोत. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मग आधी का नाही केली?"

"आधी म्हणजे?"

"माझे मिस्टर होते तेव्हा."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. तेव्हा हा शाळेत असेल, तिच्या मनात आलं. "एकत्र करणं तसं अवघड असतं," ते म्हणाले. "एक औषध दुसऱ्याला बिघडवू शकतं, गोळी गिळवत नाही एवढी मोठी होते…" मग ते थांबले. पोरगा चांगला होता. आडवळणानं बोलायला लागला की त्याचे कान लाल होत. "पण खरं सांगू का, मुख्य अडचण ती नव्हती. तिन्ही औषधांचे तीन मालक. तीन कंपन्या. माझं औषध तुझ्या गोळीत घालू देणार नाही, असं बराच काळ चाललं त्यांचं. आता जमलं."

"जमलं," ती म्हणाली.

"हो. समेट झाला म्हणा ना."

समेट. रस्त्यावर आल्यावर तो शब्द तिच्या तोंडात खड्यासारखा घोळत राहिला. समेट भावाभावांचा होतो, शेजाऱ्यांचा होतो. आधी दोघांची डोकी फुटतात, मग मध्यस्थ बसतात, मग समेट. इथे त्या तिघांपैकी कुणाचं डोकं फुटलं होतं? तिघंही धडधाकट, तिघांच्या इमारतींना काचा असतील, काचेमागे गार हवा असेल, आणि गार हवेत बसून त्यांनी म्हटलं असेल, नाही जमत बुवा. आम्हाला एका गोळीत बसायला नाही जमत. आणि इकडे तिचा नवरा, एका खोलीत, एका पलंगावर तिच्या शेजारी, तिन्ही मालकांच्या तीन गोळ्या पोटात एकत्र घेऊन झोपत होता. जे यांना कारखान्यात जमत नव्हतं ते त्याच्या आतड्यांनी करायचं होतं. त्यानं केलंही. जमेल तितकं केलं. फुटपाथवरून चालताना तिच्या लक्षात आलं की आपण दात एवढे घट्ट आवळलेत की कानशिलं दुखतायत. कवळ्या बनवताना तिचा दिवस दातांतच जायचा; दुसऱ्याला कधीतरी ती म्हणाली असती, नका आवळू, झिजतील.

तिचा नवरा पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, वकिलांच्या. उंचीनं ताडमाड, पण घरात नाव टिल्लू. लहानपणी आईनं ठेवलेलं, ते चिकटलं ते चिकटलंच. शिडीची वरची पायरी टिल्लूच्या पगारातून कापा, असं बाकीचे रंगारी म्हणायचे, कारण ती त्याला कधी लागायचीच नाही. अक्षर काढताना तो श्वास धरायचा आणि अक्षर संपलं की सोडायचा, त्यामुळे त्याच्या पाट्यांखाली उभं राहिलं की वरून कुणीतरी सारखं सुस्कारे टाकतंय असं वाटे. आजार निघाला तेव्हा कुणाकडून कुणाला, हे दोघांनी एकमेकांना विचारलं नाही. नंतर सगळ्या जगानं तेच विचारलं, डोळ्यांनी. कावीळ झालेल्याला कुणी विचारत नाही, कुठलं पाणी प्यायलास, कुणाच्या घरी. तिचं रक्त तेव्हा बऱ्यापैकी होतं. त्या काळी रक्त पार खालावल्याशिवाय औषध सुरू करत नसत. त्याचं सुरू झालं. पिवळी झोपताना, रिकाम्या पोटी. त्या गोळीनं डोकं गरगरायचं ते सकाळपर्यंत, आणि सकाळी तर शिडीवर चढायचं. पांढरी भरल्या पोटी, नाहीतर ढवळून यायचं. पण रंगारी जेवतो तो रंग वाळेल तेव्हा, घड्याळ म्हणेल तेव्हा नाही. निळी दोन वेळा. तिघींची तोंडं तीन दिशांना. रंगाच्या रिकाम्या डब्यात कापसात गुंडाळून तो गोळ्या न्यायचा आणि शिडीच्या मधल्या पायरीवर उभ्याउभ्या गिळायचा, म्हणजे खालच्यांना वाटावं की बडीशेप खातोय. एवढं सगळं त्यानं सांभाळलं. ते कुणी पाहिलं नाही. आणि मधेच कधीतरी दवाखान्यातल्या त्याच खिडकीतून आवाज यायचा: पांढरी आलेली नाही. तिचा माल येतो वेगळ्या ठिकाणाहून. पुढच्या आठवड्यात या. "मग तोवर?" तो विचारायचा. "तोवर आहेत त्या घ्या दोन." तो दोन घ्यायचा. कधी निळी नसायची, कधी पांढरी. आहेत त्या घ्या. घरी येऊन तो म्हणायचा, आज दोघीच आल्यात, तिसरी रुसलीय. आणि हसायचा.

कवळ्यांच्या कारखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. कारखाना म्हणजे तीन खोल्या; एकीत प्लास्टर, एकीत मेण, एकीत घासणीची चाकं. फळ्यांवर लोकांचे जबडे रांगेनं ठेवलेले असत, पांढरे, कोरडे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीनं खूण. ती मेणात दात बसवायची. माणूस कधी दिसायचा नाही, फक्त त्याचा तोंडातला साचा. पण साच्यावरून तिला कळायचं की हा एकाच बाजूनं चावतो, हिनं झोपेत दात खाल्लेत. आज तिनं मेण जास्त तापवलं आणि बसवलेले पुढचे दात वाकडे झाले, जणू ती बिनमाणसाची कवळी तिला वेडावत होती. मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आज हात कुठे आणि मन कुठे?" त्यांच्या हातात सकाळी आलेली खोकी होती. एका साच्यावर लाल पट्टी चिकटवलेली होती. पेशंटला तिच्यासारखा आजार असला की अशी पट्टी दातांच्या दवाखान्यातून लावून येई; सगळ्यांना तिचा अर्थ ठाऊक होता. मालकीणबाईंनी तो साचा दोन बोटांनी, मेलेल्या पालीसारखा, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. "हे त्यातलं आहे. हातमोजे घालून कर गं. आणि ब्रश नंतर टाकून दे." प्लास्टरवाले काका दुसरीकडे बघत राहिले. नेहमी अशा वेळी ती मुकाट्यानं हातमोजे चढवायची, बाकीच्यांपेक्षा थोड्या जास्तच घाईनं. थायरॉईडच्या गोळ्या आहेत, असं तिनं कधीचं सांगून ठेवलेलं होतं; दुपारची गोळी ती संडासात जाऊन, नळ सोडून, आवाज न करता गिळायची. आता दुपारची गोळीच नव्हती. कुणाला कळणारसुद्धा नाही. तिनं तो साचा उघड्या हातांनी उचलला. कुण्या बाईचा असावा, लहान जबडा, खालची मधली फट. "प्लास्टरला काही होत नसतं," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज मोठा निघाला. "तरी पण," मालकीणबाई म्हणाल्या, "आपली आपण काळजी घ्यावी. असल्या लोकांना कुठे असते." उत्तर द्यायला तोंड उघडलं असतं तर काय काय बाहेर पडलं असतं याचा तिला भरवसा नव्हता. तिनं त्या लहान जबड्यावर इतके नीट दात बसवले की काका येऊन बघून गेले.

काळजी घ्यावी. शिस्त असावी. हे सगळे शब्द तिनं पहिल्यांदा ऐकले ते दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून. तेव्हा ते मोठे नव्हते, नुसते डॉक्टर होते, काळे केस आणि कडक कॉलर. टिल्लूचं वजन उतरायला लागलं होतं, तोंडात पांढरे चट्टे आले होते, अन्न गिळवत नव्हतं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "आजारानं औषधं ओळखलीत. आता ही लागू पडणार नाहीत. तुम्ही मधेमधे खाडे केलेत." तो म्हणाला, "खाडे नाही केले, साहेब. मिळत नव्हत्या तेव्हा दोन घेतल्या. खिडकीवर सांगितलं तसं." डॉक्टर शेजारच्या नर्सला म्हणाले, "पेशंट सहकार्य करत नाही." त्याच्यासमोर, तो खुर्ची-टेबल असल्यासारखं. एवढा उंच माणूस, पण तो त्या खोलीतून बाहेर पडला तेव्हा दाराच्या चौकटीला वाकला नाही. गरजच पडली नाही, एवढा आतल्या आत आखडला होता. दोन औषधं घेतली की आजार त्यांना शिकून घेतो आणि मग तिसरं आलं तरी उपयोग नसतो, हे तिला कळलं ते खूप नंतर, तो गेल्यावर, तिची स्वतःची औषधं सुरू झाली तेव्हा. एका गोळीत तिन्ही असती तर? गोळी आली तर तिन्ही मिळाली असती, नाही आली तर एकही नाही. आजाराला अर्धवट शिकवणी मिळाली नसती. हे तिला आज, या रस्त्यावर, घरी परतताना कळत होतं, आणि ते एवढं साधं होतं की तिला कुणाच्या तरी अंगावर धावून जावंसं वाटत होतं. पण कुणाच्या? खिडकीवाला बिचारा. तरुण डॉक्टर बिचारा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासी पुष्कळ होते. चोरांना चेहरेच नव्हते. त्यांची फक्त नावं बाटलीच्या पाठीवर होती, बारीक अक्षरात, आणि टिल्लूनं एवढं बारीक अक्षर कधी काढलं नसतं. तो म्हणायचा, जे वाचायला नको असतं तेच लोक बारीक लिहितात.

घरी सासूबाई टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. टेलिफोन ऑफिसात त्यांचा जन्म गेला होता. दुसऱ्यांची बोलणी कानांवर पडायची आणि ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, हा त्यांचा धर्म. तोच त्यांनी घरातही चालवला. मुलगा लिव्हरनं गेला असं त्यांनी सगळ्या नातेवाइकांना एकाच शांत, कोरड्या आवाजात सांगितलं होतं, आणि त्यानंतर त्या आजाराचं नाव या घरात उच्चारलं गेलं नव्हतं. सून गोळ्या घेते हे त्यांना दिसत होतं. त्याबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. त्रासही दिला नाही. भांडी वेगळी ठेवली नाहीत, तिच्या हातचं खाल्लं. दोघी एका छताखाली, दोन वेगळ्या तारांवरून बोलत होत्या.

तिनं बाटली टेबलावर ठेवली.

"बाकीच्या कुठायत?" सासूबाईंनी विचारलं. म्हणजे त्या मोजत होत्या तर.

"आता एकच."

"एकच?" त्यांनी शेंग फोडली. "बरं झालं बाई. नाहीतर टिल्लूला… तीन गोळ्या काय त्या, पण तेवढीही शिस्त नव्हती माझ्या पोराला."

हे वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की ते आता या घराच्या आवाजांपैकीच एक झालं होतं, दाराच्या बिजागरीसारखं. आज ती म्हणाली, "शिस्तीचं नाव काढू नका, आई."

"का? खोटं आहे का?"

"खोटं आहे. साफ खोटं आहे." ती उभीच होती. "ही बघा. त्याचीच तीन औषधं आहेत यात. तीच. तेव्हाच करता आली असती अशी एक गोळी. पण तीन मालक होते, त्यांचं आपसात पटत नव्हतं. म्हणून तीन डबे, तीन वेळा, आणि कधी ही नाही तर कधी ती नाही. खिडकीवरच सांगायचे त्याला, आहेत त्या दोन घ्या. दोन घेतल्यानंच आजार बळावला. तो बेशिस्त नव्हता. शिडीवर उभं राहून घ्यायचा तो. ओकारी दाबून घ्यायचा. तुम्ही, मी, ते डॉक्टर, सगळ्यांनी मिळून त्याला नालायक ठरवलं आणि तो बिचारा तसंच समजून गेला."

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. दाणे वाटीत पडत राहिले. मग त्यांनी टेलिफोनवर खात्री करून घ्यावी तसं एकेक विचारलं. "म्हणजे दोन घेतल्या तर चालत नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि हे त्याला कुणी सांगितलं नाही."

"नाही."

"आणि डॉक्टरांना ठाऊक होतं."

"असणारच."

सासूबाईंनी हातातली शेंग न सोलता बाजूला ठेवली. "शेवटी शेवटी मी त्याच्याशी बोलत नव्हते," त्या म्हणाल्या. "तुझ्या लक्षात आलं असेल. अद्दल घडावी म्हणून. स्वतःच्या जिवाची किंमत नाही तर आईनं तरी का बोलावं, असं." त्या उठल्या, आत गेल्या, आणि दार लावून घेतलं. तिला वाटलं होतं की हे सांगितल्यावर आपल्याला हलकं वाटेल. इतकी वर्षं त्या वाक्यानं तिला जे टोचलं होतं ते परत केल्यासारखं. आता बंद दारासमोर उभी राहून तिला एवढंच कळत होतं की आपण एका म्हाताऱ्या बाईच्या हातात जळतं लाकूड दिलं, आणि तेही आपलं नव्हे, त्या तीन मालकांचं. हेही काम त्यांनी आपल्याकडूनच करून घेतलं. तिचा राग उतरला नाही. उलट त्याला आता बूड आलं, तो तिच्यात नीट बसला.

सकाळी ती उठली तर सासूबाई बाहेर जायचे बूट घालून तयार होत्या. "ते तेव्हाचे डॉक्टर अजून आहेत का तिथे?"

"आहेत. आता मुख्य झालेत."

"चल."

टिल्लू दवाखान्यात जायचा तेव्हा सासूबाई रस्त्यापलीकडे थांबायच्या, कुणी पाहू नये म्हणून, बसची वाट बघितल्यासारखं करत. आज त्या सरळ दारातून आत शिरल्या. वऱ्हांड्यात नेहमीसारखी माणसं बसलेली होती, एकमेकांकडे न बघता, गुडघ्यांवर पिशव्या घेऊन. मुख्य डॉक्टरांच्या दाराशी शिपायानं नंबर विचारला. "माझा नंबर जुना आहे," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. ती मागोमाग गेली. दार उघडंच राहिलं.

डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी नाव ऐकलं, कपाळ चोळलं, आठवत नाही म्हणाले. किती पेशंट येतात.

"उंच होता. पाट्या रंगवायचा."

"अच्छा," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचा चेहरा खरंच उजळला. "'शांतता राखा'ची पाटी त्यानंच करून दिली होती आम्हाला. तपासणीला थांबला होता तेवढ्या वेळात. काय सुंदर अक्षर! आता छापील लावलीय." मग त्यांना पुढचं आठवलं असावं, कारण त्यांनी समोरची फाईल मिटली.

"त्याला तुम्ही काय म्हणालात ते आठवतं?"

"आजी, त्याला आता फार वर्षं झाली. आमच्या हातात जे होतं ते आम्ही दिलं. आमच्याही हातात तेव्हा फारसं काही नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे. गोळ्या तुम्ही बनवत नाही." सासूबाईंचा आवाज चढला नव्हता, तो टेलिफोन ऑफिसातला होता, एकेक अक्षर सुटं. "पांढरी गोळी वेळेवर येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मालकांची भांडणं चाललीत, म्हणून एक गोळी होत नाही, हे?"

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "वाचनात येत होतं."

"मग दिलंत ते दिलंत. बोल का लावलात?"

"तशी पद्धत होती," डॉक्टर म्हणाले. "जरा दटावलं तर पेशंट औषध चुकवत नाही, असं वाटायचं आम्हाला."

"त्यानं चुकवलं नव्हतं. म्हणा तसं. त्याची चूक नव्हती, असं म्हणा."

"आता म्हणून काय होणार आहे, आजी?"

"ते माझं मी बघेन."

डॉक्टरांनी उघड्या दाराकडे पाहिलं. बाहेर कुणीतरी पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. ती भिंतीशी उभी होती आणि सवयीनं तिचा हात कुणी ओळखू नये म्हणून तोंडावर बांधलेला रुमाल वर ओढायला गेला होता. तेवढ्यात सासूबाई दाराकडे वळल्या. "आता मी कुणापासून लपवत नाही," त्या बाहेरच्या रांगेला म्हणाल्या, एखादी सूचना द्यावी तशा. "माझा मुलगा एचआयव्हीनं गेला. लिव्हरनं नाही. मी सगळ्यांना लिव्हर सांगितलं. लिव्हर त्याचं ठणठणीत होतं." रांगेतला एक दाढीवाला माणूस उठून उभा राहिला, का, ते त्यालाही कळलं नसावं. तिचा हात खाली आला.

"त्यांची एकट्याची चूक नव्हती," डॉक्टर हळू म्हणाले.

"'एकट्याची' हा शब्द काढा."

तिनं डॉक्टरांकडे पाहिलं. तिला वाटलं होतं या माणसाला समोर पाहिलं की आपण फाडून खाऊ. पण समोर एक थकलेला माणूस होता, आणि त्याच्यामागे कुणीतरी दुसरेच होते, त्यांच्यामागे आणखी कुणी, आणि त्या रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत माणसं संपून जात होती. तरी ती रागावलेली राहिली. थकलेला असला म्हणून काय झालं. टिल्लूही थकलेलाच होता.

"त्यांची चूक नव्हती," डॉक्टर म्हणाले.

"मग कुणाची होती?"

सासूबाई थोडा वेळ थांबल्या, खरोखरच उत्तराची वाट बघत, पलीकडून कुणी बोलेल म्हणून रिसीव्हर कानाला लावून ठेवावा तशा. मग त्यांनी आपली पर्स उचलली.

बाहेर आल्यावर सासूबाईंनी तिचा दंड धरला. कोपऱ्यावर एका बंद दुकानाची पायरी होती, तिथे ती त्यांना घेऊन बसली. कामाला जायची वेळ टळून गेली होती. समोरून माणसं जात होती, पोरं शाळेत चालली होती, एक बाई कुत्र्याला ओढत होती. सासूबाई रडल्या नाहीत. त्या हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसल्या होत्या. "त्याला ऐकू जायला पाहिजे होतं हे," त्या म्हणाल्या. त्याला ऐकू गेलं असेल असं खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती.

मग सासूबाईंनी तिच्याकडे मान वळवली आणि तिचा चेहरा नीट पाहिला, नाक, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालांची बसलेली हाडं, जणू इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच समोर येऊन बसली होती.

"तुला त्रास होतो का गं?" त्यांनी विचारलं. "त्या गोळ्यांचा. काय होतं?"

हे तिला कुणीच विचारलं नव्हतं; डॉक्टर विचारत ते वेगळं, त्यांना हो किंवा नाही एवढंच हवं असे. "डोकं गरगरतं," ती म्हणाली. "घेतल्यावर भिंती जवळ येतात. उशीला घट्ट धरून पडावं लागतं. आणि स्वप्नं पडतात. फार स्पष्ट असतात, आई. खऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट. उठल्यावरही जात नाहीत."

"कसली?"

ती पायरीवर जरा सरकून बसली आणि सांगू लागली.